बोट जुळत नाही

११ मार्च

काल मशीन बसवून गेले. साबणाच्या वडीएवढी काच आहे, तिच्यावर बोट ठेवायचं. हिरवा दिवा लागला म्हणजे गिऱ्हाइकाची नोंद आहे आणि या आठवड्याचा त्याचा दहा ग्रॅमचा वाटा शिल्लक आहे. लाल लागला म्हणजे नाही. नाव दिसत नाही, पत्ता दिसत नाही. बसवायला आलेला माणूस म्हणाला, "बाई, तुम्हाला फक्त बोट दिसणार." मी म्हटलं, बोटाच्या मागे तोंड असतं आणि या गावात मी तेहेतीस वर्षं औषधं विकते आहे. तो म्हणाला, म्हणून तर सही घेतली.

सही अशी की गांजा घ्यायला कोण येतं हे कोणालाही सांगायचं नाही. नवऱ्याला नाही, पोलिसाला नाही, डॉक्टरलाही नाही. मी तीन ठिकाणी सही केली.

पासो मोरेलमध्ये दोन फार्मस्या. दुसऱ्याने गांजाचं बघणाऱ्या सरकारी संस्थेला नकार कळवला. मी होकार का दिला असं सगळे विचारतात. बस स्टँडमागे विकली जायची ती वीट मी एकदा फोडून बघितली होती. गांजा दाबून दाबून विटेसारखा केलेला. आत बुरशी, काड्या आणि एका झुरळाचा मागचा पाय. लोक ओढणारच असतील तर निदान झुरळाशिवाय ओढोत. एवढंच कारण आहे. लोकांना याच्यात मोठं तत्त्व हवं असतं.

ऑरफिलिया माझ्याकडे दुकानात चोवीस वर्षं कामाला आहे. तिने सकाळीच सांगून टाकलं, "मी त्या पाकिटांना हात लावणार नाही."

"नको लावूस."

"आणि माझ्यासमोर मांडून ठेवायची नाहीत."

"कपाटात राहतील. कुलपात. एक किल्ली माझ्याकडे, एक तुझ्याकडे. नियमाने दोघींकडे हवी."

तिने किल्ली रुमालात गुंडाळून घेतली, मेलेला किडा उचलावा तशी.

नवरा, एल्बिओ, म्हणाला, "म्हातारे, तीस वर्षं तू माझ्या सिगरेटवरून माझा जीव खाल्लास." बाकी काही बोलला नाही. निवृत्त झाल्यापासून, म्हणजे ट्रक विकल्यापासून, तो फारसं बोलत नाही. झोपही धड नाही त्याला.

१४ मार्च

पहिला दिवस. अकरा जण आले. नावं इथेही लिहायची नाहीत असं मी ठरवलं आहे. पण पहिली आली ती माझ्या वयाची बाई, जिला मी वीस वर्षं बद्धकोष्ठाची औषधं देते. हिरवा दिवा लागल्यावर ती मला म्हणाली, "माझ्या मुलाने तुला विचारलं तर मी कफाचं औषध न्यायला आले होते." तिचा मुलगा चारच्या सुमाराला आला. हिरवा.

बस स्टँडमागचा माणूसही येऊन बघून गेला. त्याने पाकीट हातात घेऊन मागचा मजकूर सगळा वाचला आणि म्हणाला, "आमच्या मालाला असा कागद कधी नव्हता." काही न घेता गेला.

२२ मार्च

आदेमार गवंडी आला. पंचाहत्तरीचा आहे, गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या. कंबर गेली आहे. पोस्टात नोंदणी होते, तिथल्या बाईने कसाबसा त्याचा ठसा घेतला होता. माझ्याकडे लाल. आम्ही दहाही बोटं लावून बघितली. दहाही लाल. 'जुळत नाही.' चुन्याने आणि सिमेंटने बोटं काचेसारखी गुळगुळीत झाली आहेत, त्यांच्यावर ठसा म्हणून काही उरलेलंच नाही.

"पंचावन्न वर्षं हात चुन्यात घातले," तो म्हणाला, "आणि आता सरकार म्हणतं तो मी नव्हेच."

संस्थेला फोन केला. त्यांनी हात साबणाने धुवायला सांगितलं.

मी त्याला कमरेला लावायला बेलाडोनाची पट्टी दिली. पाकीट मिळालंच नाही, तेव्हा त्याचं नाव लिहायला हरकत नाही.

४ एप्रिल

एल्बिओ पोस्टात गेला होता. तिकिटं आणायला, म्हणाला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, मी त्याला एकही पत्र लिहिताना पाहिलेलं नाही.

ईस्टरचं कार्ड आलं बहिणीचं. हाताने लिहिलेलं. ती अजून लिहिते.

१६ एप्रिल

आज मला एक नाव लिहावं लागणार आहे. इथे तरी.

हेबेर आला. आपला पोस्टमन. चौतीस वर्षांचा, इल्दाचा मुलगा. एकविसाव्या वर्षी तो पाण्याच्या टाकीवर चढून बसला होता, कारण खालच्या सगळ्यांना त्याच्या डोक्यातलं ऐकू येत होतं. त्यानंतर ओलान्झापीन, भ्रम आवरणारी, रोज एक गोळी. तेरा वर्षं ती गोळी माझ्या हातून जाते आहे. आधी इल्दा न्यायची, मग तो स्वतः न्यायला लागला. तेरा वर्षांत एकही महिना चुकलेला नाही, एकही पत्र चुकलेलं नाही.

त्याने काचेवर बोट ठेवलं. हिरवा.

मी म्हटलं, "हेबेर, तुझ्या गोळीबरोबर हे चांगलं नाही. तुझ्यासारख्याला तर अजिबातच नाही."

"केमिस्टबाई, पाकिटावर लिहिलंय घातक आहे म्हणून. मी पत्रं वाटतो, मला वाचता येतं."

"मग का घेतोस?"

"सगळे घेतात म्हणून. एकदा तरी सगळ्यांसारखं."

मी दोन पाकिटं दिली. नियम असा आहे: अठरा पूर्ण, बोट जुळलं, पाकीट द्या. मी नियमाने दिली.

२८ एप्रिल

एल्बिओला अचानक मासेमारीचा नाद लागला आहे. आदेमारला बरोबर घेऊन ओढ्यावर जातो. अजून एकही मासा घरी आलेला नाही. दोघं संध्याकाळी येतात, स्वयंपाकघरात बसून आटवलेल्या गोड दुधाची बरणी चमच्याने संपवतात आणि आदेमारच्या जुन्या कुत्र्याच्या आठवणीने हसत सुटतात. पण एल्बिओ झोपतो आता. मोकळ्या हवेचा परिणाम. आदेमारही ताठ चालायला लागला आहे. बेलाडोनाची पट्टी मी उगीच जुनाट समजत होते.

दुपारी मी जेवून पडते तेव्हा दुकानात काही विशेष नसतं, असं ऑरफिलिया म्हणते. तरी दुपारची पाकिटं जातात. कोण नेतं विचारलं तर म्हणाली, "तूच म्हणालीस, सांगायचं नाही."

१७ मे

हेबेर गोळ्या न्यायला आला नाही. पाच दिवस उशीर. पाकिटांसाठी मात्र दर सोमवारी दहा वाजता येतो, फेरीवर निघायच्या आधी.

एकाच काउंटरच्या दोन कपाटांमधून तो दोन गोष्टी न्यायचा. आता एकाच कपाटातून नेतो. हे गावात फक्त मला दिसतं. असं काही दिसावं म्हणून मी धंद्यात पडले नव्हते.

विजेचं बिल या महिन्यात आलेलं नाही. वीज कंपनीचं काय चाललंय कोण जाणे.

२८ मे

विचारलं त्याला. "गोळ्या संपल्या असतील ना?"

"आहेत घरी."

"मोजून दिल्या होत्या, हेबेर."

"त्यांनी झोप येते, केमिस्टबाई. सकाळी दगडासारखा असतो मी. आता उठतो चारला. गाव किती शांत असतं चारला. सगळं नीट ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

तो हसला. "कोंबडे."

मला बरं वाटलं. कोंबडे चारला ओरडतातच.

८ जून

हिवाळा लागला, थंडी पडली. पाण्याचं बिल नाही, फोनचं नाही. ऑरफिलियाचंही नाही आलेलं. ती म्हणाली, "निवडणूक जवळ आली असेल." निवडणूक पुढच्या वर्षी आहे.

बहिणीचं पत्र मात्र वेळेवर.

२१ जून

डॉ. तेचेरा दर दुसऱ्या गुरुवारी जिल्ह्याच्या गावाहून इथल्या दवाखान्यात येतात. मानसोपचाराच्या. त्यांना फोन केला. जमेल तितकं जसंच्या तसं लिहिते, पुढेमागे कोणी विचारलं तर असावं.

मी म्हटलं, "समजा, एक माणूस आहे."

"हेबेर का?"

"मी नाव घेतलेलं नाही."

"माझ्याकडे दोन वेळा आला नाही तो. पुढे?"

"समजा, तो एक गोष्ट घ्यायची ती घेत नाही आणि दुसरी घेतो."

"दुसरी काय?"

"मी सही केली आहे, डॉक्टर."

त्या म्हणाल्या, "हे बघा, मला समजलं. पण तुम्ही मला काहीच सांगितलेलं नाही, आणि तो कामावर जातो, कोणाला त्रास देत नाही. सज्ञान माणसाच्या घरी मी पोलीस नाही पाठवू शकत. इल्दाबाईंना निरोप देते, त्याला घेऊन या म्हणून. तुम्ही त्याच्याशी बोलत राहा."

"बोलते आहे."

"मग आणखी बोला."

इल्दाने म्हणे त्याला विचारलं. तो म्हणाला पुढच्या वेळी.

३० जून

संस्थेचा तिमाही फॉर्म भरला. नोंदलेली माणसं त्रेचाळीस. झोपेच्या गोळ्यांचा खप एक तृतीयांशाने कमी झाला, तेही लिहिलं, कारण त्यासाठी वेगळी ओळ होती. 'निदर्शनास आलेले विपरीत परिणाम: संख्या.' मी बराच वेळ पेन धरून बसले. अजून काही घडलेलं नाही. शून्य लिहिलं.

६ जुलै

फुटबॉलच्या विश्वचषकातला सामना आपण हरलो. दुकानात तिघेच आले, तिघेही अँटासिडसाठी.

८ जुलै

रविवार. दिवसभर विचार केला.

मला नाही म्हणायचा अधिकार नाही. मशीनला आहे. मशीन नाही म्हणालं तर कोणी कारण विचारत नाही. आदेमारने विचारलं नाही, संस्थेनेही विचारलं नाही. दोन-तीन आठवडे लाल लागला तर हेबेर कंटाळेल, बाजारातली वीट तर आता मिळतही नाही. मग गोळीकडे वळवता येईल.

एल्बिओला सांगितलं नाही. तो मासेमारीला गेला होता.

९ जुलै

केलं. दहाला पाच मिनिटं असताना काचेवर व्हॅसलिन लावलं. करंगळीच्या नखाएवढंच, फिरवून पातळ केलं. दिसत नव्हतं.

हेबेरने बोट ठेवलं. लाल. बोट पुसून पुन्हा ठेवलं. लाल. दुसऱ्या हाताचं ठेवलं. लाल. मी म्हटलं, "बिघडलं असेल." त्याने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, मग मशीनकडे बघितलं.

त्याच्या मागे ती बद्धकोष्ठवाली बाई उभी होती. तिला मी परत पाठवू शकत नव्हते. हेबेर वळला तशी मी बाहीने काच पुसली. तिचा हिरवा. मला वाटलं हेबेर गेला. तो दारात उभा होता.

"मग मी कुठे गेलो?" त्याने विचारलं.

"कामावर जा, कुठे जाणार," मी म्हटलं.

तो हसला नाही, पण रागावलाही नाही. "बरोबर," म्हणाला, आणि टोपी नीट करून गेला. मी घाबरत होते त्या मानाने फार सहज झालं. चांगल्या मनःस्थितीत दिसला.

१२ जुलै

इल्दा सकाळी दुकान उघडायच्या आधी दारात होती. हेबेर मंगळवारी पहाटे बाहेर पडला तो आलेला नाही. पोस्टातही गेला नाही. ती दोन दिवस कोणाला बोलली नव्हती, कारण लोक लगेच पाण्याच्या टाकीकडे बघतात.

मी तिच्याबरोबर घरी गेले. त्याच्या पलंगाखाली पत्रं होती. पोलिसांनी नंतर मोजली, चारशे बारा. सगळी खिडकीची पाकिटं, त्या पारदर्शक कागदाची खिडकी असते ना नाव दिसायला, ती. वीज, पाणी, फोन, बँक. गल्लीवार, घरवार लावलेली, आणि सगळी पालथी, खिडकी खाली. हाताने लिहिलेलं एकही पत्र त्यात नव्हतं. ती त्याने सगळी वेळेवर पोचवली होती.

इल्दा म्हणाली, "मला म्हणाला होता, आई, ही पाकिटं आतून बघतात. मला वाटलं, थट्टा करतो."

माझ्या घरची तीन होती. मी दोन महिने वीज कंपनीला नावं ठेवत होते.

पलंगावर त्याचं ओळखपत्र होतं. त्यावरचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा त्याने ब्लेडने खरवडून काढला होता. इल्दाने विचारलं, "असं का केलं असेल त्याने?" का ते मला माहीत होतं. मी म्हटलं, मला माहीत नाही.

१३ जुलै

सापडला. ओढ्यापलीकडच्या निलगिरीच्या लागवडीत, राखणदाराला. ओढा ओलांडून गेला होता, जुलैच्या, ऐन हिवाळ्यातल्या पाण्यातून. कपडे अंगावरच वाळलेले. एका टाचेत काटेरी तार खोल गेलेली. न्यूमोनिया आहे. राखणदाराने नाव विचारलं तर म्हणाला, "मला काढून टाकलंय."

एल्बिओ आणि आदेमार शोधायला गेलेल्या लोकांत होते. एल्बिओ चिखलाने भरून आला. मी त्याला तिथेच, मोरीच्या दारात, सगळं सांगितलं. पाकिटं, गोळी, व्हॅसलिन.

त्याने एक बूट काढला. "काचेला व्हॅसलिन लावलंस?"

"हो."

"आणि सांगितलं नाहीस कोणाला."

"सही केली होती."

"व्हॅसलिन लावायची सही केली होतीस?"

मग दुसरा बूट काढला आणि आंघोळीला गेला. रात्री जेवताना म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मी त्याच्याशी बोललो असतो. मलाही काही गोष्टी सांगता आल्या असत्या." काय गोष्टी विचारलं, तर म्हणाला जाऊ दे.

२० जुलै

संस्थेला पत्र लिहिलं. पान भरून. काय केलं, कधी, कशाने, कोणावर. नाव सोडून सगळं. शेवटी लिहिलं की मागच्या फॉर्ममधलं शून्य चुकीचं होतं, ते एक करावं.

इल्दा येऊन गेली. हेबेर जिल्ह्याच्या इस्पितळात आहे, छाती सुधारते आहे. माझा हात धरून म्हणाली, "तू एकटीच होतीस जी त्याला गोळ्यांचं विचारायचीस." मी तिला बसायला खुर्ची दिली. माते चहाने भरलेला पोकळ भोपळा पुढे केला, तिने नळीने दोन घोट ओढले आणि रडली. मी सांगणार होते. ती रडायची थांबेपर्यंत दुकानात गिऱ्हाईक आलं.

कारणं मला चांगली सापडतात.

९ ऑगस्ट

संस्थेचं उत्तर. तंत्रज्ञ येऊन मशीन तपासून गेला, मशीन उत्तम आहे. मला लेखी ताकीद. शिवाय सगळ्या फार्मस्यांना परिपत्रक: काच दिवसातून दोनदा कोरड्या फडक्याने स्वच्छ करावी. एक हा आकडा कोणत्या वर्गात टाकावा हे त्यांनी विचारलं आहे. लहान मुलांनी चुकून खाणे, वाहन अपघात, धाप, इतर. मी 'इतर' कळवलं.

त्रेचाळिसातले बेचाळीस जण ठीक आहेत. त्यांतल्या काहींचं तर खरंच बरं चाललं आहे. ही बेरीज मी रोज करून बघते आणि ती रोज बरोबर येते.

१६ ऑगस्ट

डॉ. तेचेरांना दवाखान्यात जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. 

"तुम्हाला माहीत आहे मी महिनाभर काय करते आहे?" त्या म्हणाल्या. "त्याने स्वतः एक यादी केली आहे. त्याला खऱ्या वाटलेल्या गोष्टी. तेवीस. एकेक घेऊन आम्ही तपासतो. सातवी आहे: फार्मसीतल्या मशीनमध्ये कोणीतरी मुद्दाम काहीतरी केलं. तिच्यावर आमचे दोन आठवडे गेले. ती खोटी आहे हे पटलं तेव्हा कुठे पुढच्या पटायला लागल्या."

"आणि ती खरी आहे."

"ती खरी आहे." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "आता तुम्ही सातवी काढून घेतलीत तर वरच्या किती कोसळतील, मला सांगता येत नाही."

"म्हणजे सांगू नको?"

"आता नको. गोळीऐवजी इंजेक्शन सुरू केलंय, ते लागू पडू दे. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तरी नको."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतरचं मला विचारू नका. मी डॉक्टर आहे. मला तो बरा हवा आहे."

घरी चालत आले. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी गप्प बसायचं औषध लिहून दिलं, आणि ते घ्यायला किती सोपं गेलं.

३ सप्टेंबर

हेबेर घरी आला. पोस्टाने त्याला आतलं काम दिलं आहे, टपाल निवडायचं. फेरीवर नवीन बाई. चारशे बारा पाकिटं तिने तीन दिवसांत वाटली. गाव तिच्यावर भडकलं आहे.

१८ सप्टेंबर

दुपारी चारला हेबेर आला. ऑरफिलिया सिरपच्या बाटल्या लावत होती, दुकानात आणखी कोणी नव्हतं. जाड झाला आहे, इंजेक्शनाने होतं. जखमी पाय जरा ओढतो. केस कापले आहेत.

"मला काही घ्यायचं नाही, केमिस्टबाई," तो म्हणाला. "फक्त एकदा बोट ठेवू द्याल?"

मी मशीन त्याच्याकडे सरकवलं. त्याने हात पँटला पुसला आणि बोट ठेवलं. हिरवा.

त्याने श्वास सोडला. इतका मोठा की ऑरफिलियाने वळून बघितलं. "बघा. आहे मी. डॉक्टर सांगत होत्या, मशीन ते, कधी चालतं कधी नाही. कोणी काही केलेलं नव्हतं. माझ्या डोक्यातलं होतं सगळं." तो हसला. तेरा वर्षं मी त्याला गोळ्या देते, त्याला इतकं हलकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

तो जाईपर्यंत गप्प बसणं शक्य होतं. पाच पावलांवर दार होतं. त्याने तीन टाकली.

"मी केलं होतं," मी म्हटलं.

तो थांबला.

"काचेला व्हॅसलिन लावलं होतं. तू यायच्या आधी. तू वळलास तेव्हा पुसलं. तुला पाकिटं मिळू नयेत म्हणून."

ऑरफिलियाच्या हातातली बाटली फळीवर टेकली, त्याचा आवाज आला. हेबेर परत आला. काचेकडे बघितलं. तिला हात लावला नाही.

"किती?"

"नखाएवढं."

"पुरतं तेवढं?"

"पुरलं."

"मला आईने ओढ्यापलीकडून आणलेले बूट दाखवले," तो म्हणाला. "ते ओळखू येत नाहीत, इतके फाटलेत."

मी म्हटलं, "माझी चूक झाली, हेबेर." हे वाक्य मी दोन महिने वेगवेगळ्या प्रकारे तयार केलं होतं. आलं ते इतकंच.

त्याने खिशातून एक कागद काढला. घड्या पडून मऊ झालेला. काउंटरवर पसरून तळहाताने सपाट केला. आकडे घातलेली यादी होती, प्रत्येकापुढे डॉक्टरांच्या निळ्या शाईत फुली. त्याने माझं पेन घेतलं, सातव्या ओळीवरची फुली खोडली आणि तिथे 'खरं' असं लिहिलं. पोस्टाच्या माणसाचं अक्षर, दुरूनही वाचता येईल असं.

"आणखी कुठली?" त्याने विचारलं.

"दुसरी कुठलीच नाही."

"तुम्ही वाचल्या नाहीत अजून."

मग आम्ही वाचल्या. पहिल्यापासून. तो वाचायचा, मी उत्तर द्यायची. ऑरफिलियाने दुकानाचं दार आतून लावलं आणि पाटी उलटी केली, तिला कोणी सांगितलं नव्हतं. चौथी होती, खिडकीच्या पाकिटांतून कोणीतरी घरात बघतं.

"नाही. ती नुसती बिलं आहेत."

"माहीत आहे. विचारून ठेवलं." त्याने पुढे बोट नेलं.

नववी नाही. अकरावी नाही. बाराव्या ओळीला ऑरफिलिया मागून म्हणाली, "ते मी सांगते, ते खोटं आहे, त्या दिवशी चर्चची घंटा दुरुस्त करत होते." त्याने मान हलवली.

चौदावी त्याने वाचली: "केमिस्टबाई आणि डॉक्टर माझ्याबद्दल फोनवर बोलतात."

 त्याने वर बघितलं.

"एकदा," मी म्हटलं. "एकवीस जूनला. मी तुझं नाव घेतलं नव्हतं."

"पण माझ्याबद्दल."

"तुझ्याबद्दल. नंतर समोरासमोरही बोललो, ऑगस्टमध्ये. त्या म्हणाल्या की सातवीचं तुला आत्ता सांगू नको."

त्याने चौदावीवरची फुलीही खोडली. रेघ सरळ होती, मी मुद्दाम बघत होते. मग उरलेल्या नऊ वाचल्या. एकही नाही. शेवटची वाचून झाल्यावर त्याने तळाशी लिहिलेला तेवीसचा आकडा कापला आणि शेजारी लिहिलं: खोट्या एकवीस, खऱ्या दोन.

त्याने त्या आकड्यांवर बोट ठेवलं. मला वाटलं, आता काहीतरी कोसळेल. डॉक्टरांना फोन कसा करायचा, इल्दाला कसं बोलवायचं, हे सगळं मनात येऊन गेलं.

"तेविसातल्या दोन," तो म्हणाला. "मला वाटलं होतं एक तर सगळ्या, नाहीतर एकही नाही." त्याने कागदाची घडी केली. "दोन चालतील."

"डॉक्टरांना मी सांगते," मी म्हटलं. "गुरुवारी येतात त्या. मी स्वतः जाऊन..."

"नको, केमिस्टबाई." त्याने पेन माझ्या हातात परत दिलं, टोपण लावून. "मी सांगेन. तुम्ही आता माझ्याबद्दल कोणालाही काही सांगू नका. चांगलंसुद्धा नको."

मी बरं म्हटलं. ऑरफिलियाने दार उघडलं.